सात नंबरचं पोट

जुन्या, वाळलेल्या पतंगाचं पोट चिमट्यानं जरासं वर उचललं, की कट् करून तुटतं. जोर लागत नाही. सात नंबरचं तुटेना. मी दुसऱ्यांदा उचललं, तिसऱ्यांदा उचललं, तेव्हा कुठे ते नाइलाजानं सुटल्यासारखं हातात आलं. त्याच क्षणी मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. घड्याळात साडेबारा वाजले होते, लंच अवर एकला संपत होता, आणि तिकडे अप्पर हट गावात एक म्हातारा माणूस नाकात ऑक्सिजनची नळी घालून माझ्या निकालाची वाट बघत होता.

आधी माझं काम सांगतो. मी कीटकांची ओळख पटवणारा माणूस. न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावी एका कीटकसंग्रहात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. बंदरावर फळांच्या खोक्यात एखादी अळी सापडली, की ती कुठली, तिच्यापासून इथल्या बागांना धोका आहे का, हे आम्ही सांगायचं. बायोसिक्युरिटी हा या देशाचा देव आहे आणि आम्ही त्याचे पुजारी. त्यातही माझा विषय पतंग. दिव्यावर येतात ते, उडवायचे नव्हेत. पुण्यात मी पीएचडी करत होतो, तेव्हा आमचे एक काका दर संक्रांतीला न चुकता माझी चौकशी करायचे.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. एप्रिल महिना होता, म्हणजे इकडे थंडीची सुरुवात. रॉय नावाचे ऐंशी पार केलेले गृहस्थ आपल्या मुलीच्या, हेलनच्या गाडीतून आमच्याकडे आले. मांडीवर लाकडी पेटी. ती त्यांनी हेलनलाही उचलू दिली नाही. रिसेप्शनपासून माझ्या टेबलापर्यंत तीस पावलं, त्यात ते तीनदा थांबले.

तरुणपणी रॉय टांझानियाच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत चहाच्या कारखान्यात इंजिनियर होते. बायको पेग शाळामास्तरीण, पण मळ्यावर शाळाच नव्हती. मग बाईंनी व्हरांड्यात पांढरी चादर टांगली, तिच्यापुढे कंदील ठेवला आणि संध्याकाळी चादरीवर येऊन बसणारे पतंग गोळा करायला सुरुवात केली. कोणी शिकवलं नाही. पुस्तकात बघून टाचण्या टोचल्या, पंख पसरवले, प्रत्येकाखाली बारीक अक्षरात चिठ्ठी लावली: नंबर, जागा, तारीख. पुढे कुटुंब न्यूझीलंडला आलं आणि पेटी कपाटावर गेली. तिथे ती पस्तीस वर्षं राहिली. पेगबाई वारल्या, त्यालाही चार वर्षं झाली होती.

"ही ओळ बघा," रॉय म्हणाले.

एका ओळीत अकरा पतंग होते. करड्या रंगाचे, अंगठ्याच्या पेराएवढे, कोणी ढुंकूनही बघणार नाही असे. त्यांच्या खालच्या ओळीत आणखी पंधरा-वीस, तसेच करडे. खालचे म्हणजे पूर्व आफ्रिकेत सगळीकडे सापडणारी एक जुनी, माहीत असलेली जात. वरचे अकरा वेगळे आहेत, असं पेगबाईंचं म्हणणं. त्यांनी चित्र काढून युरोपातल्या एका मोठ्या म्युझियमला पाठवलं होतं. उत्तर आलं दोन ओळींचं: हीच ती नेहमीची जात, थोडाफार फरक असायचाच, कळावे. ते पत्र घडी घालून पेटीच्या झाकणात खोचलेलं होतं.

"तिनं वाद घातला नाही," रॉय म्हणाले. "पण पेटी उघडली, की दर वेळी म्हणायची, दे आर नॉट द सेम, रॉय. डॉक्टर, मला बाकी काही नको. पेग बरोबर होती का, तेवढं सांगा. आणि मला फार वेळ नाही." असं म्हणून त्यांनी नाकातल्या नळीवर टिचकी मारली.

हेलन खिडकीबाहेर बघत होती.

मी भिंगातून बघितलं. पतंगाच्या पुढच्या पंखावर दोन आडव्या रेघा असतात. खालच्या ओळीत बाहेरची रेघ सरळ जाऊन टोकाशी वळत होती. पेगबाईंच्या अकरांत ती मधेच कोपरासारखी वाकत होती, अकराच्या अकरांत. मागच्या पंखावरचा ठिपकाही नव्हता. अकराही मी पुन्हा एकदा भिंगाखाली धरून बघितले. पण पंखांवर विश्वास ठेवायचा नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. पावसाळ्यातला पतंग गडद, कोरड्या दिवसांतला फिका. रंग उडतात, रेघा सरकतात. खरी साक्ष पोटात असते. नर पतंगाच्या पोटाच्या टोकाला मादीला धरायचे अवयव असतात, कठीण आणि बारीक. एका जातीची किल्ली दुसऱ्या जातीच्या कुलपाला सहसा लागत नाही, म्हणून दर जातीत त्यांचा आकार वेगळा. तो बघायचा तर पोट तोडावं लागतं, कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात गरम करावं लागतं, मांस-चरबी विरघळली की उरलेला सांगाडा ब्रशनं साफ करून काचेच्या स्लाइडवर बसवावा लागतो. कमीत कमी तीन नमुन्यांचा. हा नियम माझ्या गुरूंनी मला घालून दिला होता आणि मी तो इतरांना ऐकवत आलो होतो.

माझा बॉस वॉरन. माणूस सरळ, पण त्याच्यापुढे जगातल्या सगळ्या गोष्टींचे दोन भाग: आपलं काम आणि आपलं नसलेलं काम.

"आफ्रिकेतला पतंग?" तो म्हणाला. "श्री, इथे सफरचंदवाले माझ्या डोक्यावर बसलेत."

"एकच पेटी आहे, वॉरन. आणि तो माणूस आजारी आहे."

"लंच अवरमध्ये कर. दोन आठवडे. नंतर फ्रूट फ्लायचं ट्रेनिंग सुरू होतंय, तेव्हा तू मला पूर्ण पाहिजेस."

"स्वीट ॲज," मी म्हणालो. 'चालेल' म्हणायचे हे इथले दोन शब्द इतक्या वर्षांत माझ्या तोंडात नीट बसले नाहीत, पण त्यांनी काम भागतं.

युरोपातल्या एका ओळखीच्या सहकाऱ्याला ईमेल केली. त्यानं नेहमीच्या जातीच्या स्लाइडचा फोटो पाठवला, तुलनेसाठी. आता आपला नमुना निवडायचा. अकरांपैकी बहुतेक झिजलेले. कोणाचा पंख फाटका, कोणाची मिशी तुटलेली. सात नंबर मात्र देखणा. पंख अखंड, मिशा दोन्ही, पोट भरदार. मी सात नंबर घेतला. दहा जण असते तर दहाही जणांनी तोच घेतला असता, असं मी नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं आहे.

तर त्याचं पोट चिवटपणे सुटलं. पोटॅशमध्ये टाकल्यावर पाण्यावर पांढुरकं सायीसारखं काहीतरी तरंगायला लागलं. चरबी असेल, म्हणून मी ती ब्रशनं बाजूला सारली. दोन वेळा त्या पतंगानं मला सांगून बघितलं, दोन्ही वेळा मी ऐकलं नाही. मायक्रोस्कोपखाली अवयव दिसले ते गुळगुळीत, एकही काटा नसलेले. शेजारच्या स्क्रीनवर युरोपातून आलेला फोटो होता. तंतोतंत तोच आकार.

म्हणजे नेहमीची जात. म्युझियमवाले बरोबर, पेगबाई चूक.

आणखी दोन तोडावेत, हा विचार आला होता. पण दोन आठवड्यांतले नऊ दिवस गेले होते, तीन नंबरची मिशी आधीच तुटलेली, नऊ नंबर जरा हललं तरी मोडेल असं. शितावरून भाताची परीक्षा, अशी मी माझी समजूत घातली आणि स्लाइडवर लेबल चिकटवलं.

निकाल फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं. शनिवारी ट्रेननं अप्पर हटला गेलो. सदर्ली वारा सुटला होता. दक्षिणेकडून येणारा हा वारा हाडांपर्यंत जातो. रॉय हिटरजवळ खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर लोकरीचं पांघरूण, दाढी केलेली, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. माझ्यासाठी तयार होऊन बसले होते. हेलननं चहा आणि बिस्किटं ठेवली.

"मी अवयव तपासले," मी म्हणालो. "पंख वेगळे दिसतात, तुमच्या मिसेसची नजर चांगली होती. पण आतून ती नेहमीचीच जात आहे."

"म्हणजे नवीन नाही."

"नाही."

"तुम्ही सात नंबर बघितलात ना? तो सगळ्यात चांगला आहे. मी त्याची खास काळजी घेतली होती."

"तोच बघितला."

त्यांनी गुडघ्यांवरचं पांघरूण नीट केलं. ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज खोलीत येत होता. मग म्हणाले, "मी तिला इतकी वर्षं सांगत होतो, पेग, तू बरोबर आहेस. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नवरा म्हणून सांगत होतो." माझ्याकडे वळून म्हणाले, "इतक्या थंडीत एवढ्या लांब आलात. थँक यू, डॉक्टर. पेटी तुमच्याकडेच राहू द्या. इथे आता ती कोण उघडणार?"

बिस्किटं तशीच राहिली. परतीच्या ट्रेनमध्ये मला हायसं वाटलं, हेही लिहायला हवं. एक काम उरकलं होतं.

त्या वर्षी आई पुण्याहून आमच्याकडे सहा महिने राहायला आली होती. दिवसभर शाल पांघरून हिटरपुढे बसायची, नातीशी मराठीत बोलायची आणि तिची इंग्रजी उत्तरं ऐकून घ्यायची. पेटीची गोष्ट मी तिला जेवताना थोडी थोडी सांगत आलो होतो, त्यामुळे रॉय तिच्या लेखी ओळखीचे झाले होते.

"सांगितलंस आजोबांना?" तिनं विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"थँक यू म्हणाले."

"अगं बाई," आई म्हणाली आणि ताटातली पोळी मोडत राहिली. "थांबला असतास जरा."

"थांबून काय होणार होतं, आई? खरं आहे ते आहे."

मला तिचा थोडा रागच आला.

रॉय ऑगस्टमध्ये गेले. हेलननं फोन करून कळवलं. मी फ्युनरलला गेलो नाही. ट्रेनिंगचं कारण होतं आणि ते खोटं नव्हतं, पण अर्ध्या दिवसाची सुट्टी वॉरननं दिली असती. ज्या घरी आपण शेवटची वाईट बातमी देऊन आलो, तिथे जाऊन उभं राहायचं माझ्या जिवावर आलं.

सप्टेंबरच्या शेवटी हेलन पुन्हा आमच्याकडे आली. वडिलांचं घर आवरत होती. कपाटाच्या तळाशी पेगबाईंची एक तंबाखूची जुनी पत्र्याची डबी आणि एक वही सापडली होती. "पेटी तुमच्याकडे आहे, तर हेही इथेच असू दे," ती म्हणाली. मी चहा केला. ती समोर बसली आणि मी सौजन्य म्हणून डबी उघडली.

आत टाचण्या, कोऱ्या चिठ्ठ्या आणि औषधाच्या असतात तशा चार-पाच पारदर्शक कॅप्सूल होत्या. आमच्या धंद्यात हा रिवाज आहे. वाळलेल्या पतंगाचं पोट कधी कधी आपोआप गळून पडतं. ते चिकटवायचं नाही. रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून त्यावर नंबर टाकून ठेवायचं, म्हणजे पुढे घोटाळा होत नाही. पेगबाईंनी हे कुठेतरी वाचलं असणार. एका कॅप्सूलवर त्यांच्या बारीक अक्षरात आकडा होता. सात. आत एक पोट होतं, शाबूत.

मी वही उघडली. सात नंबरपुढे लिहिलं होतं: पंख उत्तम, पोट गळालं, डबीत ठेवलं.

सात नंबरचं पोट तर मी एप्रिलमध्ये स्वतःच्या हातानं तोडलं होतं. एका पतंगाला दोन पोटं नसतात.

"हेलन," मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "पेटी इथे आणण्याआधी कधी पडली होती का?"

"पडली नाही, पण डॅडनं कपाटावरून काढताना आपटली. कोणाची मिशी, कोणाचं पोट, असे काही तुकडे सुटले. मग काय!" ती हसली, आणि हसताना तिचे डोळे भरून आले. "पूर्ण दुपार किचन टेबलवर बसून डॅडनं सगळं फिक्स केलं. माझ्या पोराचा शाळेचा ग्लू, माझा आयब्रोचा चिमटा. हात इतके थरथरायचे! मी म्हटलं, असू दे तसंच, ते लोक बघून घेतील. तर म्हणे, त्यांना वाटेल पेगनं वस्तू नीट ठेवल्या नाहीत."

मी म्हणालो, "चहा गार होतोय, घ्या."

ती गेल्यावर मी सात नंबर मायक्रोस्कोपखाली धरला. पोट जिथून तोडलं होतं, तिथे वाळलेल्या गोंदाचा पांढरा, चकचकीत थेंब. पाच महिने तो तिथेच होता. खालच्या, नेहमीच्या जातीच्या ओळीत एक बिनपोटाचा पतंगही होता. तो मी एप्रिलमध्येच पाहिला होता, जुन्या पेटीत असा एखादा असतोच म्हणून सोडून दिला होता. काय झालं, ते समजायला आता काही उरलं नव्हतं. पेटी आपटली तेव्हा या खालच्याचं पोट सुटून वर घरंगळलं. रॉयना ते सात नंबरजवळ मिळालं, सात नंबरला पोट नव्हतं, त्यांनी ते त्याला लावलं. बायकोचा सगळ्यात चांगला नमुना त्यांनी पुरा करून माझ्याकडे आणला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि रजेवर असताना प्रयोगशाळेत येऊन बसलो. कॅप्सूलमधलं पोट. तीन नंबरचं. नऊ नंबरचं. तीनही पोटॅशमध्ये, एकामागून एक, वेगवेगळ्या नळ्यांत. तीन आणि नऊ नंबरची पोटं कट् करून तुटली. पाण्यावर साय आली नाही. भिंगाखाली तीनही ठिकाणी एकच दृश्य: अवयवाच्या कडेला जाड, काळ्या काट्यांची रांग, फणीच्या दातांसारखी. नेहमीच्या जातीत असं काही नाही. आसपासच्या कुठल्याही जातीत नाही, याची मी पुढे आठ दिवस पुस्तकं आणि फोटो चाळून खात्री केली. ही नवी जात होती. पेगबाईंनी ती कंदिलाच्या उजेडात, नुसत्या पंखावरच्या रेघेवरून ओळखली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. इतक्या वर्षांत नवी जात माझ्या हाती मोजक्या वेळा आली आहे. मी त्या खुर्चीत बसून राहिलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी तीन तपासले असते, तर त्या शनिवारी दाढी करून बसलेल्या माणसाला मी हो म्हणालो असतो. गोंदाचा विषय काढायचीही गरज पडली नसती.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. तिची परतीची तयारी चालली होती. बॅगेत काय बसतं, काय नाही, ते बघत होती.

"शितावरून भात बघतात," ती म्हणाली, "पण शीत त्याच पातेल्यातलं लागतं रे."

मी तिला टॉवेल आणून दिला.

"आजोबांना कळलं नाही ना, त्यांच्या हातून झालं ते?"

"नाही."

"मग ते कोणाला सांगू नकोस," आई म्हणाली आणि लोणच्याची रिकामी बरणी टॉवेलात गुंडाळायला लागली.

वॉरनला मात्र सांगणं भाग होतं. त्यानं सगळं ऐकलं, सात नंबर स्वतः भिंगाखाली घेतला, बराच वेळ बघितलं.

"तुला हा ग्लू दिसायला हवा होता, मेट."

"हो."

"लिही पेपर. किती दिवस लागतात ते मी विचारत नाही." त्यानं त्यानंतर कधीच विचारलं नाही, आणि हे त्याचे माझ्यावर उपकार आहेत.

नव्या जातीचं वर्णन म्हणजे एका अर्थी पोलिसातला पंचनामा. पंखांची लांबी, रंग, प्रत्येक रेघ कुठून निघते, कुठे वाकते. मग सगळ्यात महत्त्वाचा भाग, फरकाचा: शेजारच्या जातीपासून ही कशी वेगळी ओळखायची. तिथे मी आधी पंखावरची रेघ लिहिली, कोपरासारखी वाकलेली, आणि नंतर काटे. खरं म्हणजे काट्यांना पहिला मान द्यायची पद्धत आहे. पण ज्या खुणेवरून ही जात पहिल्यांदा ओळखली गेली, ती खूण आधी यावी, असं मला वाटलं. रंगाला शब्द सापडेना. आई जाण्याच्या आदल्या दिवशी मी तिला लॅपटॉपवर फोटो दाखवला आणि विचारलं, हा कुठला रंग?

"भाजलेल्या दाण्याच्या कुटाचा," ती लगेच म्हणाली. पेपरमध्ये मी इंग्रजीत 'फिकट करडा तपकिरी' असं लिहिलं. आईचा रंग जास्त बरोबर होता.

नवं नाव ज्या एका नमुन्याला कायमचं बांधलं जातं, त्याला लाल लेबल लावतात. ते मी फाटक्या पंखाच्या, तुटक्या मिशीच्या तीन नंबरला लावलं. त्याचं पोट जन्मापासून त्याचंच होतं. नाव पेगबाईंचं दिलं. आज तो पतंग त्या जंगलात आहे का, हे कळावं म्हणून तिकडच्या एका वनअधिकाऱ्याला लिहिलं होतं. त्याचं उत्तर सभ्य आणि छोटं होतं: तुम्ही म्हणता तो जंगलाचा तुकडा आता नाही, तिथे बटाट्याची शेतं आहेत. म्हणजे माझ्या माहितीत तरी, ही अख्खी जात त्या लाकडी पेटीतल्या एका ओळीत आहे.

गोंदाबद्दल लिहावंच लागलं. लपवलं असतं तर उद्या दुसरा कोणी माझी जुनी स्लाइड बघून पुन्हा चुकला असता. मी लिहिलं: 'सात नंबरला नंतरच्या दुरुस्तीत दुसऱ्या जातीचं पोट जोडलं गेलं होतं; त्यावरून लेखकानं सुरुवातीला चुकीचा निष्कर्ष काढला.' दुरुस्ती कोणी केली, ते लिहिलं नाही. छापण्याआधी पेपर तपासणाऱ्यांनी विचारलंही नाही.

हेलनला मी वर्षभर काही कळवलं नाही. एकदा घाई केली होती. आता छापून हातात येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं ठरवलं होतं. पेपर निघाला तेव्हा एक प्रत पोस्टानं पाठवली. चार दिवसांनी तिचा फोन आला.

"म्हणजे मम बरोबर होती."

"पहिल्यापासून."

"मग डॅडला तुम्ही 'नाही' असं का सांगितलंत?"

हा प्रश्न येणार, हे मला वर्षभर माहीत होतं. "मी एकच तपासला होता," मी म्हणालो. "तीन तपासायला हवे होते. चूक माझी आहे, हेलन. आय ॲम सॉरी."

मग ती म्हणाली, "त्या शनिवारनंतर डॅड पेटीबद्दल कधी बोललेच नाहीत. त्याआधी रोज बोलायचे."

तिच्याकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"दुसऱ्या पानावर मोठा कलर फोटो आहे, त्याखाली सात लिहिलंय. हा तोच ना, डॅडनं फिक्स केलेला?"

"तोच. सगळ्यांत चांगला फोटो त्याचाच आला."

"ही'ड हॅव बीन चफ्ड," ती म्हणाली. फार खूश झाले असते. आणि फोनवर रडायला लागली.

गोंदाची ओळ बारीक अक्षरात सहाव्या पानावर आहे. तिनं ती वाचली की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, तिनंही पुन्हा विषय काढला नाही.

पुढे नवीन मुलं ट्रेनिंगला आली, की पहिल्या दिवशी मी त्यांना दोन गोष्टी सांगायचो. पोट सहज तुटलं नाही तर थांबा आणि गोंद शोधा. आणि हो म्हणायला तीन नमुने लागतात, तसे नाही म्हणायलाही तीनच लागतात. मुलं वहीत लिहून घ्यायची. दुसरी गोष्ट मी इतकी ठासून का सांगतो, हे निवृत्त होईपर्यंत मला कोणी विचारलं नाही.